हिरव्या बटणातली काडी

"माझ्या झाडाला कुंकू लावतो का रं? लगीन लावायचंय का त्याचं?"

आत्या चिंचा फोडता फोडता ओरडली. हातोडी हातात तशीच. लाल रंगाचा डबा घेतलेला सर्व्हेवाला जागीच थांबला. त्याचा ब्रश सातव्या झाडाला टेकलेला होता. पुढं अजून सात झाडं होती.

"आजी, वरून ऑर्डर आहे. लाईनखाली उंच झाड चालत नाही."

"मग लाईन उंच न्या की. माझी झाडं तुमच्या आधीपासून उंच हायेत."

चिंचा फोडायला बसलेल्या बाया फिदीफिदी हसल्या. तोही हसला. आणि हसत हसतच त्यानं झाडावर सात आकडा टाकला.

ह्याला आता सहा वर्षं झाली. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. सुदामतात्यांना माहीत आहे, पण त्यांना मी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते स्वतःच बघितलं होतं.

हौसाआत्या माझ्या बापाची बहीण. मी दुसरीत होतो तेव्हा आईबाप कामाला बाहेर गेले आणि मला शाळेसाठी तिच्याकडं, तांबुळवाडीला ठेवलं. ते परत आले, मी परत गेलो नाही. मामा, म्हणजे तिचा नवरा, लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. तिच्याकडं मी होतो आणि चिंचेची चौदा झाडं होती. कुणी विचारलं तर ती पोरं पंधरा सांगायची.

बारावी नापास झाल्यावर मी मोटरी भरायला शिकलो. कुणी शिकवलं नाही. एक जळकी मोटर उघडली, तारा मोजल्या, तशाच परत गुंडाळल्या. तिसऱ्यांदा चालली. मग गावातल्या सगळ्या मोटरी माझ्याकडं यायला लागल्या. त्यामुळं कुठल्या विहिरीवर काय चाललंय हे मला त्या विहिरीच्या मालकापेक्षा जास्त कळायचं.

लाईनचं कळलं तेव्हा गाव पेटलं. शेजारच्या तालुक्यातून विजेची मोठी लाईन येणार, आमच्या माळावर नवीन सबस्टेशन होणार. मधे अकरा टॉवर. एक शाळेला चिकटून. एक सुदामतात्यांच्या बांधावर. आणि लाईन बरोबर आत्याच्या झाडांवरून.

सुदामतात्या म्हणजे मामांचे चुलतभाऊ. विरोधाचे पुढारी तेच. आवाज असा की त्यांना माईक द्यायची गरज नव्हती, तरी ते माईक सोडायचे नाहीत. शाळेच्या मैदानात सभा झाली. वीज कंपनीकडून कुलथे नावाचे इंजिनिअर आले होते. तरुण होते, चष्मा होता, घाम पुसत होते.

"साहेब," तात्या म्हणाले, "आधी माझ्या छातीवर टॉवर रोवा. मग बांधावर."

"तुमच्या छातीवर फाउंडेशन बसणार नाही हो," कुलथे म्हणाले. लोक हसले. मग ते खरं बोलले. "मला काही हौस नाही. तुमचीच तक्रार आहे ना, लाईट पुरत नाही, रोज ट्रिप होऊन बंद पडते? जुन्या सबस्टेशनची तुमची लाईन साठ अँपिअर घेऊ शकते. तुम्ही सकाळी नऊ वाजता पंच्याण्णव घेता. म्हणून नवीन सबस्टेशन. त्यासाठी ही लाईन."

कशाला उठलो मला माहीत नाही, पण मी उठलो.

"साहेब, पंच्याण्णव का जातो सांगू का? ऑटोमुळं."

ऑटो म्हणजे वीटभर आकाराचा डबा. स्टार्टरला, म्हणजे मोटरच्या बटणांच्या पेटीला, लावला की लाईट आल्या आल्या मोटर आपोआप चालू होते. विहिरीवर जायला लागत नाही. गाव आणि तीन वाड्या मिळून चारशे बारा मोटरी, त्यातल्या तीनशेवर ऑटो. नऊला लाईट आली की तीनशे मोटरी एकदम उठणार. मग लाईन पडणार नाही तर काय होणार?

"ऑटो काढले," मी म्हणालो, "आणि चार पाळ्या केल्या, दोन दोन तासांच्या, तर काटा पन्नासच्या खाली राहील. पाणी सगळ्यांना मिळेल. मग तुमची लाईन कशाला पाहिजे?"

कुलथे साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाव काय तुझं?"

"नवनाथ गव्हाणे."

"नवनाथ, पंधरा दिवस. रोज नऊचा आकडा मी रजिस्टरला घेणार. पंधराही दिवस साठच्या आत राहिला तर मी लिहून देतो की नवीन लाईनची गरज नाही. पण एक दिवस जरी वर गेला, तर माझ्या हातात काही नाही. वरचे साहेब लाईनच्या बाजूचे आहेत, ते तोच एक दिवस धरतील."

तात्यांनी तिथंच माईकवर घोषणा केली. "उद्यापासून ज्याच्या विहिरीवर ऑटो दिसंल, त्याच्या घरी मी जेवणार नाय!"

"तात्या, मग आम्ही मुद्दाम लावू," मागून कुणीतरी ओरडलं.

दोन दिवसांत तीनशे ऑटो जमा झाले. प्रत्येकावर मी रंगानं नाव टाकलं. नऊ गोण्या भरल्या. त्या आत्याच्या छपरात ठेवल्या, कारण तिच्याकडून कुणी परत नेण्याची हिंमत करणार नव्हतं. ती रात्री खाट त्या गोण्यांना आडवी लावून झोपायची.

आत्याच्या विहिरीवरचा ऑटो मी सगळ्यात शेवटी काढला. तिचं पुढचं नंतर सांगतो.

ते पहिले दिवस. असं गाव मी परत कधी बघितलं नाही. सकाळी नऊला देवळाच्या भोंग्यावर तात्या. "पहिली पाळी, बटणं दाबा! दुसरी पाळी, तुम्ही चहा प्या." अकराला परत. "पहिली पाळी बंद! गणपत, तुझी अजून चालूये, मला हितनं ऐकू येतीये. गणपत, बायकोला पाठव, तुझ्यानं होत नसंल तर." लोक बांधावर उभे राहून हसत हसत बटणं दाबायचे. बाया जायच्या, म्हातारे जायचे.

मी रोज सकाळी सबस्टेशनवर. पहिल्या दिवशी काट्यावर चव्वेचाळीस आले. कुलथे साहेबांनी काचेवर टिचकी मारून बघितली, काटा अडकलाय की काय म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस. तिसऱ्या दिवशी चव्वेचाळीस.

"तू शिकला का नाहीस पुढं?" त्यांनी विचारलं.

"गणित राहिलं, साहेब."

"हे काय आहे मग?"

मी ते आत्याला सांगितलं. तिनं दिवसभर चिंच फोडणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं.

पाचव्या दिवशी सेहेचाळीस. आठव्या दिवशी एकोणपन्नास. दहाव्या दिवशी त्रेपन्न.

"वाढतंय," कुलथे साहेब म्हणाले.

"ऊन वाढलंय साहेब. विहिरी खाली गेल्यात, मोटरी जास्त ओढतात."

ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं, आणि मला ते माहीत होतं. मी दुपारी दोन-तीन विहिरींवरून चक्कर मारली. ऑटो कुठंच नव्हता. काही स्टार्टरची दारं बंद होती, ती मी उघडून बघितली नाहीत. उघडली असती तर बोलायला लागलं असतं. मला बोलायचं नव्हतं.

चौदाव्या दिवशी अठ्ठावन्न.

पंधरावा दिवस रविवार. नेमकं त्याच दिवशी सुदामतात्यांच्या मनीषाचं लग्न. तारीख सहा महिन्यांपूर्वी धरलेली. साडेबाराचा मुहूर्त, गावजेवण, अख्ख्या गावाला चूलबंद आमंत्रण. आदल्या संध्याकाळी मी मांडवात गेलो.

"तात्या, उद्या भोंग्यावर कोण बोलणार?"

"आरं, भोंगा मांडवात आणलाय. उद्या सनई वाजंल त्याच्यावर." त्यांच्या अंगाला हळद लागली होती. "चौदा दिवस केलं लोकांनी. एक दिवस बिनभोंग्याचं करतील की. लोक काय ल्हान हायेत?"

मीही मान हलवली.

रविवारी वरचे साहेब गाडी घेऊन आले. पांढरा शर्ट, बोलणं कमी. कुलथे साहेबांनी पेढ्याचा पुडा आणून टेबलावर ठेवला होता. अजून सोडला नव्हता. लांबून सनईचा आवाज येत होता.

नऊ वाजले. ऑपरेटरनं हँडल मारलं.

काटा उठला. चाळीस. साठ. मला वाटलं आता थांबेल. ऐंशी. पंच्याण्णव. आणि धाडकन आवाज होऊन सगळं पडलं.

ऑपरेटरनं पाच मिनिटांनी परत चालू केलं. काटा परत तसाच गेला, परत पडलं. तिसऱ्यांदा बाहेरच्या खांबावर निळा जाळ झाला आणि तार तुटून लोंबायला लागली.

वरच्या साहेबांनी रजिस्टर ओढून घेतलं, आकडा स्वतःच्या हातानं लिहिला आणि सही केली. "कुलथे," ते म्हणाले, "चला, आता नाश्ता करू."

कुलथे साहेब माझ्याकडं बघत होते. "नवनाथ, हे काय रे?"

मला उत्तर येत होतं. मी गाडीला किक मारली.

रस्त्यात सहा विहिरी लागतात. सहाही ठिकाणी थांबलो. स्टार्टरची दारं उघडली. ऑटो नव्हता. हिरवं बटण आत दाबलेलं, आणि ते बाहेर येऊ नये म्हणून फटीत एक काडी ठोकलेली. कुठं बाभळीची, कुठं खराट्याची. लाईट आली की मोटर उठणार, मालक मांडवात. सहाच्या सहा ठिकाणी काडी.

मांडवात पोचलो तेव्हा लोक टोप्या घालून बसले होते. मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. सनई बंद झाली. सगळे खाली बघायला लागले. बाया कुजबुजत होत्या. कुणीतरी म्हणालं, "माझी एकच तर होती रं नवनाथ." दुसरा म्हणाला, "माझी पण एकच."

तात्या फेटा बांधलेले, उठून आले. मला दंडाला धरून आचाऱ्यांच्या मांडवामागं घेऊन गेले. तिथं भाताची मोठी पातेली वाफाळत होती.

"माझ्या पोरीच्या लग्नात तमाशा करतो व्हय?"

"तुमच्या विहिरीवर पण काडी आहे तात्या. मी बघून आलोय."

"हाये." त्यांनी आवाज खाली आणला. "आन् ती मी कुठं बघितली, सांगू का?"

मी दंड सोडवून घेतला.

"हौसावहिनीच्या विहिरीवर. पाचव्या दिवशी. माझ्या बांधाला लागून हाये तिची विहीर. नऊला लाईट आली, तिथं माणूस न्हाई, आन् मोटर उठली. म्हणलं, हिनं ऑटो ठेवला काय? जाऊन बघितलं तर ही काडी. चिंचेची. चांगली तासून बसवलेली." तात्या माझ्या डोळ्यांत बघत होते. "वहिनीच्या हाताला असली काडी तासता येत न्हाई."

आता ते सांगतो.

आत्याचा गुडघा गेलेला होता. विहीर घरापासून लांब, बांध उतरून जावं लागायचं. तिची पहिली पाळी, नऊची. मी तिचा ऑटो काढला तेव्हा ती म्हणाली, "काढ की. सगळ्यांचे काढतोस, माझा काय सोन्याचा हाये? मी जाईन काठी टेकत." मी म्हणालो, आत्या, तू नको जाऊ, मी येतो रोज बटण दाबायला. तीन दिवस गेलो. बटण दाबायचं आणि तसंच सबस्टेशनला गाडी पळवायची. तिसऱ्या दिवशी सबस्टेशनवर पोचेपर्यंत नऊचा आकडा घेऊन झाला होता. कुलथे साहेब म्हणाले, "तू समोर असायला हवास. उद्या कुणी म्हणायला नको की आकडा खोटा."

दोन्हीकडं नऊलाच कसं असणार?

मग चौथ्या दिवसापासून मी आदल्या संध्याकाळी, लाईट गेल्यावर, तिच्या बटणात काडी बसवून यायला लागलो. सकाळी अकराला जाऊन काढायचो. दुसऱ्या कुणी असं केलेलं दिसलं असतं तर मी त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या असत्या, कारण बटण असं दाबून ठेवलं की मोटर जळते, आणि जळालेली मोटर माझ्याकडंच येते. पण म्हटलं, एकच तर आहे. चारशे बारातली एक.

आणि आत्या गावभर सांगत होती. "माझा नवन्या रोज सकाळी बटण दाबाया जातो. तुम्हाला तुमच्या विहिरीवर जाया काय होतं?"

लोकांनी मोटर आपोआप उठताना बघितली होती. आणि हे ऐकलं होतं.

"तुम्ही मला तेव्हाच का नाही बोललात?" मी तात्यांना विचारलं.

"काय बोलू? झाडं तिची. आन् तीच काडी लावते, असं लोक म्हणाया लागले, तेव्हा मी त्यांना गप्प केलं. म्हणलं म्हातारी हाये, असू द्या. तर त्यांनी ऐकलं 'असू द्या' एवढंच." त्यांनी फेट्याचा शेव तोंडावरून फिरवला. "आन् मग मी पण लावली. खोटं कशाला बोलू. पोरीचं लगीन, म्हणलं कुठं जातो विहिरीवर."

मागं काठीचा आवाज आला.

आत्या होती. लग्नाचं हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. तिला मांडवातून कुणी सांगितलं, किती सांगितलं, मला माहीत नाही.

"कोणी लावलं हे पयलं?" तिनं विचारलं.

भाताचं पातेलं फदफदत होतं. मी तात्यांकडं बघितलं. तात्या माझ्याकडं बघत होते. त्यांनी वाट बघितली. मला वेळ दिला. मला आता कळतं की त्यांनी मला बराच वेळ दिला.

मी खाली बघितलं.

"मी लावलं वहिनी," तात्या म्हणाले. "माझं बघून लोकांनी लावलं. लग्नाची गडबड होती."

आत्या पुढं झाली. तिनं हातातला अक्षतांचा कागद उघडला, अक्षता तात्यांच्या पायाशी ओतल्या. "पोरीच्या डोक्यावर तूच टाक," म्हणाली. "मी तुझ्या दारात परत येणार न्हाई. तूबी माझ्या येऊ नको." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चल नवन्या. तू लय केलंस. तुझा काय दोष."

मी तिला गाडीवर बसवून घरी नेलं.

जूनमध्ये झाडं गेली. मशीन होतं, तीन दिवसांत चौदा. आत्या ओट्यावर बसून होती. एकेक झाड पडलं की हातोडीनं दगडावर एक ठोका मारायची. चौदाव्यानंतर तिनं ती हातोडी छपरात नऊ गोण्यांच्या मागं टाकली. गोण्या तोवर रिकाम्या झाल्या होत्या. ज्यानं त्यानं आपापला ऑटो नेला होता. फक्त एक डबा खाली उरला होता. त्यावर माझ्याच अक्षरात 'हौसाबाई' लिहिलेलं. तो परत बसवायची माझी हिंमत झाली नाही. मी काडीच चालू ठेवली. रोज संध्याकाळी लावायची, सकाळी काढायची. पाणी तरी कशाला लागत होतं? चार वाफे कांदा आणि मेथी.

कुलथे साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी फोन केला होता. मी उचलला नाही.

लाईन झाली. दमट हवा असली की तारा घूं करतात. आत्या विचारायची, "कोण रडतंय रं?" मी म्हणायचो, तारा आहेत. ती म्हणायची, बरं.

तात्या दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन बांधापर्यंत यायचे. आत्या बांधावर जायची नाही. ताट मी आणायचो, ती हात लावायची नाही. "ज्यानं झाडं खाल्ली त्याचं काय खाऊ," म्हणायची. मी दोन वर्षं तो फराळ एकट्यानं खाल्ला.

शेवटच्या दिवसांत ती अंथरुणाला खिळली. तात्या आले. त्या लग्नानंतर पहिल्यांदा घरात आले. दारात उभे राहिले, चपला हातात. "वहिनी," म्हणाले. आत्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी तिच्या उशाशी बसलो होतो. मला फक्त तीन शब्द बोलायचे होते. तात्यांनी माझ्याकडं बघून नकाराची मान हलवली. आता नको, अशी. किंवा तिच्यासाठी नको, अशी. मी ते ऐकलं. त्यांचं ऐकायला मला सोपं होतं.

ती पहाटे गेली.

सकाळी माणसं जमली. ओट्यावर बाया, अंगणात गडी. तात्या बांबू बांधत होते, सुतळीला गाठ मारत होते. मी भिंतीला टेकून बसलो होतो.

नऊ वाजले. लाईट आली.

बांधापलीकडून आत्याची मोटर सुरू झाली. आदल्या संध्याकाळी मीच जाऊन काडी लावली होती, रोजच्यासारखी. आवाज सगळ्यांनी ऐकला. पाणी पाटात पडायला लागलं, तेही ऐकू आलं. बायांचं रडणं थांबलं. विहिरीवर कुणी नव्हतं आणि मोटर चालू होती.

तात्यांनी गाठ पूर्ण केली. मग वर बघितलं. सगळ्या अंगणात त्यांनी फक्त माझ्याकडं बघितलं.

"जा," ते म्हणाले. "काडी काढून ये."